ठमाबाईने चूळ भरली नाही

ठमाबाई रागीट आहे असं गावात सगळेच म्हणत. म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी आधी तिला राग येईल असं काहीतरी करत आणि मग म्हणत. बोर्ली पंचतनहून समुद्राकडे जाणारा रस्ता जिथे माडा-सुपारीच्या वाड्यांच्या सावलीत शिरतो, तिथल्या गावात तिचं घर. नवरा भिकू जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा रितेश रोह्याला एका कंपनीत होता. शनिवारी दुपारी मोटारसायकलवरून यायचा, सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. घरात सून प्रणाली. आणि ठमाबाई गेली सतरा वर्षं दर उन्हाळ्यात रावजीतात्यांच्या खळ्यात सुपारी सोलायला बसत होती.

काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. समोर वाळलेल्या सुपाऱ्यांचा ढीग, लाकडात बसवलेलं पातं, ते लाकूड पायाने दाबून धरायचं आणि सुपारी पात्यावर टेकवून असा पीळ द्यायचा की टरफल दोन बाजूंना जावं, पण आतल्या फळाला ओरखडा उठू नये. ओरखडा उठला की मालाचा भाव उतरतो आणि तात्यांचा आवाज चढतो. बोट कापलं तर मात्र आवाज चढत नाही, कारण बोट बाईचं असतं. सतरा वर्षांत ठमाबाईचं बोट एकदाही कापलं नव्हतं. या वर्षी चैत्र संपायच्या आत तीनदा कापलं.

तात्यांची अर्धी वाडी मोठ्या वादळात आडवी झाली होती. नवं लावलेलं झाड फळाला यायला वर्षं जातात, त्यामुळे उरलेल्या झाडांच्या एकेका सुपारीत तात्यांचा जीव अडकलेला. खळ्यात एक रीत त्यांच्या वडिलांपासून होती. सोलणाऱ्या बाईने माल तोंडात टाकायचा नाही, आणि संशय आला तर तिच्या हातात पाण्याचा लोटा द्यायचा, पुढे पांढरी थाळी ठेवायची आणि तिला सगळ्यांदेखत चूळ भरायला लावायची. पाणी लालसर आलं, चुरा निघाला, की बाई गेली. वादळानंतर तात्यांनी ही रीत दोघींवर चालवली. एकीची चूळ लाल निघाली. दुसरीची स्वच्छ निघाली, तरी पुढच्या वर्षी तीही कामाला आली नाही. का आली नाही, हे तात्यांनी कधी विचारलं नाही.

शिमग्यापासून ठमाबाईची छाती धडधडायला लागली. चढण चढताना किंवा हंडा उचलताना धडधडलं असतं तर तिने लक्ष दिलं नसतं. पण ही बसल्याजागी धडधडायची. भाकरी थापताना, केस विंचरताना, नुसतं दारात बसल्यावर. मध्येच एखादा ठोका गाळायची आणि मग दोन ठोके घाईघाईने उरकायची. दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. भूक अशी की एरवीपेक्षा एक भाकरी जास्त जायची, आणि तरी पोलकं अंगावर लोंबायला लागलं होतं.

यावर प्रत्येकाकडे कारण तयार होतं. प्रणाली म्हणाली, तुम्ही चहा किती पिता ते बघा. ठमाबाईने पाच वेळचा चहा सोडला, डोकं दुखलं, धडधड तशीच राहिली. शेजारीण म्हणाली, वय झालं की असं होतंच. मग ठमाबाईहून मोठ्या असलेल्या शेजारणीला स्वतःला का होत नाही, हे तिने सांगितलं नाही. खळ्यात तिच्या बाजूला बसणारी सुगरा म्हणाली, अंगात रक्त नसेल, खजूर खा. सुगराचा भाऊ दुबईला होता, तिने स्वतःच पिशवीभर खजूर आणून दिले. एका खाजगी डॉक्टरने तिच्याकडे न बघताच पित्ताच्या गोळ्या लिहिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा मात्र ठमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेन्शन कुणाच्या घरून घेऊन येतात का, असं तिने त्याला विचारलं आणि तो हसला. तो हसला याचा तिला जास्त राग आला.

तो शुक्रवार होता. जेवणं उरकून बायका पुन्हा पात्यांवर बसल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं आणि माडांमध्ये पान हलत नव्हतं. ठमाबाईच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या. हातातली सुपारी सुटून गडगडत समोरच्या कल्पिताच्या पायाशी गेली.

"ठमाबाय, काय झालं गो तुला?" कल्पिता म्हणाली. "घाम बघ केवढा. सुपारी लागली काय?"

या किनाऱ्यावर सुपारी लागलेलं माणूस बघितलं नाही असा कुणी नसेल. सवय नसलेल्याने सुपारी चावली की छाती धडधडते, घाम फुटतो, डोकं गरगरतं. मग त्याला साखर चारतात, सावलीत आडवा करतात आणि घटकाभर त्याची टर उडवतात. कल्पिताने वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण तात्या ओटीवर बसले होते आणि नको ते ऐकायला त्यांचे कान तिखट होते. ते उठून खळ्यात आले.

"ठमे, काय खाल्लंस?"

"भाकरी आन सुकट."

"आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर पानी."

"हात बघू."

तिने हात पुढे केले. ते थरथरत होते. लपवावेत असं तिच्या मनातही आलं नाही, कारण लपवण्यासारखं काही केलंच नव्हतं.

"ही थरथर कसली मग?"

"मला काय म्हाईत? महिना झाला, अशीच व्हते."

"असं. महिना झाला," तात्या म्हणाले. जणू तिने महिनाभराच्या चोरीची कबुलीच दिली होती. त्यांनी आतून लोटा आणि थाळी मागवली. सगळी पाती थांबली. थाळी तिच्या पुढ्यात ठेवली गेली, आणि ती इतकी स्वच्छ घासलेली होती की ठमाबाईला तिचाही राग आला.

"चूळ भर."

"का?"

"रीत आहे."

"मी न्हाय खाल्ली सुपारी."

"मग भर की. खाल्ली नाहीस तर भीती कसली?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि विचारणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं. बाजूने सुगरा बोलली. सुगरा एरवी तात्यांपुढे तोंड उघडत नसे.

"तात्या, जी रोज चोरून खाते तिला सवय व्हते. तिला लागंल कशाला? लागते ती कधी न खाणारीला."

गोष्ट इतकी सरळ होती की दोनतीन बायकांनी माना हलवल्या. तात्यांनाही ती पटली असावी, कारण ते एकदम चिडले. "तू तुझं पातं बघ," ते म्हणाले.

ठमाबाई उभी राहिली. छाती इतकी उडत होती की तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता. "तात्या, सतरा वर्सं बसते हाय मी हितं. तुमची सून बाळंत झाली तवा दोन महिने तुमच्या घराची चावी माझ्या कमरेला व्हती. कपाट उघडं टाकून तुम्ही मुंबईला जायचे. तवा मला थाळी दिलीव न्हाय. आन आज एका सुपारीसाठी मी तुमच्यापुढं थुकू?"

"आवाज खाली कर."

"न्हाय करत."

"मग चूळ भरत नाहीस तर लोकांनी काय समजायचं?"

"लोकांनी काय समजायचं ते तुम्ही सांगताव," ती म्हणाली, पदर खोचला आणि चालू लागली. कुंपणाशी जाईपर्यंत एकाही पात्याचा आवाज आला नाही. मग एक सुरू झालं आणि पाठोपाठ सगळी सुरू झाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ठमाबाईने चूळ भरली नाही, म्हणजे खाल्ली होती. दुकानात तिला बघून दोघी बोलता बोलता थांबल्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबा उचलला नाही, ती एका दुपारीत चोर झाली. आणि तिची छाती त्याच लोकांच्या बाजूने साक्ष देत होती. कुणी काही विचारलं की तिला घाम फुटायचा, हात कापायचे, आणि विचारणारा मनाशी म्हणायचा, बघ कशी घाबरली.

शनिवारी रितेश आला. त्याला बोर्लीच्या नाक्यावरच कळलं होतं. तो जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि मान वर न करता म्हणाला, "आई, एखादी टाकली होतीस का तोंडात?"

ठमाबाईच्या हातात आमटीचा चमचा होता.

"तसं नाही गं. सहज एखादी. त्यात काय एवढं? मी तात्यांना सांगून मिटवतो. पण खरं काय ते कळलं पाहिजे ना मला."

"मी सांगते हाय ते काय हाय मग?"

"मग चूळ भरायची होतीस. दोन मिनिटांत विषय संपला असता."

तिने चमचा पातेल्यात ठेवला आणि मागच्या दारात जाऊन बसली. तात्यांनी थाळी पुढे केली तेव्हा तिला राग आला होता. आता आला तो राग नव्हता, किंवा एवढा मोठा होता की तिला तो ओळखता येईना. तात्या परका माणूस. हा पोटचा. याला तिने एकदा, तो सात वर्षांचा असताना, शेजाऱ्याचा पेरू परत द्यायला दोन वाड्या ओलांडून चालवत नेलं होतं. आणि तो तिला विचारत होता, खाल्लीस का.

सोमवारी तिने प्रणालीला सांगितलं, "चल, श्रीवर्धनला जायाचं हाय. सरकारी दवाखान्यात."

"छातीसाठी?"

"छाती गेली खड्ड्यात. मला कागद पायजे."

दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीच्या आतबाहेरची होती. समोर रांग मोठी होती, तरी तिने खुर्ची पुढे ओढून ठमाबाईला बसायला सांगितलं. काय होतंय, असं विचारलं.

"मला कागद द्या," ठमाबाई म्हणाली. "मी सुपारी खाल्ली न्हाय, असा. शिक्का मारून."

डॉक्टरीणबाईंनी प्रणालीकडे बघितलं. प्रणालीने डोळ्यांनी माफी मागितली आणि थोडक्यात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ही एक गोष्ट ठमाबाईने लक्षात ठेवली.

"असा कागद मला देता येत नाही, मावशी. छाती कशाने धडधडते ते शोधता येईल. ते सापडलं तर तुमचं काम होईल की नाही?"

ठमाबाईने विचार केला आणि हात पुढे केला. डॉक्टरीणबाई मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

"चहा किती वेळा?"

"व्हता पाच वेळा. सोडला. फरक न्हाय."

"मशेरी?"

ठमाबाईने सुनेकडे चोरून बघितलं. "लावायची. दोन वर्सं झाली सोडून."

"सर्दीखोकल्याचं औषध, दम्याचा फवारा, वजन कमी करायची पावडर, असलं काही?"

"वजनाला काय झालंय, ते आपलं आपण पळतंय."

"उपास? ताप, जुलाब? दिवसभरात पाणी किती पिता?"

"खळ्यात उठायला मिळंल तवा."

"कसली काळजी आहे?"

इथे ठमाबाई भडकली. "तुम्ही बी तेच इचारा. काळजी न्हाय मला, राग हाय. ज्याला त्याला वाटतं हिचं काहीतरी हिनंच केलंय. चहा हिनं पिला, टेन्शन हिनं घेतलं, सुपारी हिनं खाल्ली."

"मी तुम्हाला पकडायला विचारत नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "यातल्या कशानेही धडधड होऊ शकते. अंगात रक्त कमी असलं तरी होते, नुसतं पाणी कमी पडलं तरी होते. म्हणून एकेक नाव खोडत जायचं. तुमची बरीच खोडून झाली."

त्यांनी तिची पापणी खाली ओढून बघितली. दोन्ही हात पालथे पुढे करायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मग पेलाभर पाणी देऊन घोट गिळायला सांगितला आणि गळ्याकडे निरखून बघितलं. पाणी समोर आलं तशी ठमाबाई क्षणभर ताठ झाली. पण हे गिळायचं पाणी होतं. पलीकडच्या खोलीत छातीवर तारा लावून लांबलचक पट्टी काढली. त्या पट्टीवर ठोके दाटीवाटीने उभे होते आणि मध्येच एखादा रांग सोडून पुढे घुसलेला होता. मिनिटाला एकशे सव्वीस, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईने रक्त घेतलं आणि चार दिवसांनी बोलावलं.

चार दिवसांनी कारणाला नाव मिळालं. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची छोटीशी ग्रंथी असते, ती गरजेपेक्षा जास्त काम करत होती. तिच्यामुळे हृदय पळतं, ठोका चुकतो, घाम येतो, हात कापतात, भरपूर खाऊनही माणूस वाळतं. दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, एक ठोका आवरायला आणि एक ग्रंथीला वठणीवर आणायला. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, घसा दुखून ताप आला तर लगेच यायचं, असं दोनदा बजावलं. आणि शेवटी उठता उठता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात माणूस चिडचिडही फार करतं. तेही कमी होईल."

एवढ्या सगळ्यातून प्रणालीने घरी नेलं ते हे शेवटचं वाक्य.

रितेशला फोनवर कळलं तेव्हा त्याने सुटकेचा श्वास सोडलेला ठमाबाईला शेजारी बसून ऐकू आला. "म्हणजे तो राग आजाराचा होता तर," तो म्हणाला. त्या दिवसापासून घरादाराला एक किल्ली सापडली. दुधवाल्याने पाणी घातलं म्हणून ती बोलली, की प्रणाली हळूच विचारायची, आई, गोळी घेतलीत का? पंचायतीच्या नळाला चार दिवस पाणी नाही म्हणून बोलली, की शेजारीण म्हणायची, तुझं ते गळ्याचं गो. नळ कोरडा होता तो कोरडाच राहिला. पूर्वी तिच्या रागाला लोक निदान भीत तरी होते. आता दयेने बघत होते, आणि ही दया तिला चुळीपेक्षा कमी वाटत नव्हती.

पण एक गोष्ट तिला आतून खाऊ लागली. त्या दुपारी थाळी पुढे आली तेव्हा नाही कोण म्हणालं? ती, की गळ्यातली ती ग्रंथी? ग्रंथी ठिकाणावर असती तर आपण मुकाट्याने चूळ भरली असती का? सगळं आयुष्य ज्याला आपला स्वभाव समजलो, तो रक्तातला बिघाड निघाला तर मग आपलं असं उरलं काय? छातीच्या धडधडीला ती कधी घाबरली नव्हती. या विचाराला मात्र घाबरली, आणि गोळ्या वेळेवर घेऊ लागली, कारण तिला उत्तर हवं होतं.

पहिल्या आठवड्यातच ठोका आवरला. महिन्याभरात घाम ओसरला, हात स्थिर झाले, सुईत दोरा पहिल्या खेपेला जायला लागला. पुढच्या तपासणीला ठोके अठ्ठ्याहत्तर आले. आणि राग? खोटं कशाला सांगा, बराच गेला. प्रणालीने कालवणात मीठ जास्त घातलं तर पूर्वी घर डोक्यावर घ्यायची, आता पाणी घालून खाऊ लागली. रस्त्यातली शेजाऱ्याची कोंबडी, सुनेचा मोबाईल, एस.टी.चा उशीर, असले लहानसहान राग गोळ्यांनी धुऊन नेले. ते ग्रंथीचे होते, घेऊन गेली बिचारी. सगळे गेल्यावर तळाशी एक राहिला. ठमाबाई त्याला दिवसातून एकदा तरी चाचपून बघायची. तो तिथेच असायचा, आणि छाती धडधडल्याशिवाय असायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी रितेश म्हणाला, "चल, तात्यांकडे जाऊन येऊ. मी बोललोय त्यांच्याशी. रिपोर्ट घे बरोबर."

पाच वाजले होते. बायका दिवसाचं काम आवरत होत्या. तात्या ओटीवर बसले होते. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, इंग्रजी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"आजार होता तर आधी सांगायचं ना, ठमे."

"सांगितलं व्हतं. महिना झाला, अशीच व्हते, म्हनून सांगितलं. तुम्हीच इचारलं व्हतं."

"बरं, ते जाऊ दे. गैरसमज झाला. तुझा हात बसलेला आहे, दुसरी कुणी एवढा साफ माल काढत नाही. सोमवारपासून ये." ते रितेशकडे बघून हसले. "मी काही मनात ठेवत नाही."

रितेशही हसला. त्याच्या मते सगळं छान झालं होतं.

"तात्या," ठमाबाई म्हणाली, "कागद निघाला नसता तर?"

"म्हणजे?"

"आजार सापडला नसता तर मी चोरच ऱ्हायले असते ना?"

"आता निघाला ना? मग झालं तर." तात्यांनी विषय झटकला. "आणि तुझ्यामुळे एक बरं झालं. एकीलाच सांगितलं की तिच्या मनाला लागतं. म्हणून आता सगळ्यांनाच केलंय. रोज घरी जाताना सगळ्यांनी चूळ भरायची. संशय नाही आणि भांडण नाही. कुणी वाईट वाटून घ्यायचं कारणच नको."

ठमाबाईने खळ्याकडे वळून बघितलं. बायका ओळीने उभ्या होत्या. दगडावर पांढरी थाळी होती. कल्पिताने लोट्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवून खळखळवलं आणि वाकून थाळीत टाकलं. तात्यांनी ओटीवरूनच मान लांब करून बघितलं आणि हाताने जा म्हणून खूण केली. कल्पिता तोंड पुसत बाजूला झाली. तिची नजर ठमाबाईकडे गेली आणि तिथून तिने ती पटकन काढून घेतली.

ठमाबाईला राग आला. तो कसा येतो ते ती लक्ष देऊन बघत राहिली. छाती जागेवर होती. ठोका एकामागून एक, शिस्तीत पडत होता. तळवे कोरडे होते. हात तिने पुढे धरून बघितले, बोट हललं नाही. आणि राग होता, पुरता होता, त्या दुपारी होता तेवढाच. म्हणजे हा कुठल्या ग्रंथीने दिला नव्हता. हा तिचा होता. तिला इतकं बरं वाटलं की ती हसेल की काय असं झालं.

"मी येनार न्हाय," ती म्हणाली.

"का?"

"मी चूळ भरनार न्हाय. पहिल्यांदा बी माझ्या तोंडात सुपारी न्हवती, आता बी न्हाय. ते बघायला थाळी लागत असंल तर माझं बोलनं तुमच्या कानात शिरतच न्हाय, आन सतरा वर्सं शिरलं न्हाय."

"अगं, सगळ्या भरतात."

"सगळ्यांस्नी तुम्ही चोर ठरवलाव, म्हनून मी चोर नसल्यासारखं व्हतं व्हय?"

ओळ थांबली होती. रितेश कानापर्यंत लाल झाला. तो पुढे आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "आई, आज गोळी घेतलीस का?"

तात्या हसले. ओळीतलंही कुणीतरी हसलं.

ठमाबाईने त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि खाली सोडला. तिचा आवाज चढला नाही.

"घेतली," ती म्हणाली. "सकाळची बी घेतली, दुपारची बी घेतली. गोळ्या घेऊनच सांगते हाय. तू मला इचारलं व्हतंस, खाल्लीस का म्हनून. आई सांगते ते तुला पुरलं न्हाय, रिपोर्ट आला तवा पुरलं. आता ह्यासाठी कुठला रिपोर्ट आनू?"

रितेश खिशात मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. तिला त्याची दया आली, पण रागातून एक कणही कमी झाला नाही. दोन्ही एकत्र राहू शकतात हे तिला आजच कळत होतं. ती ओटीवरून उतरली आणि खळ्यातून चालू लागली. मोटारसायकलकडे तिने बघितलं नाही.

ओळीत पुढे सुगरा होती. लोटा तिच्या हातात होता आणि पाणी तोंडात होतं. ठमाबाई बाजूने गेली तेव्हा दोघींची नजरानजर झाली. तात्यांनी ओटीवरून आवाज दिला, "चला, आवरा, उशीर होतोय." सुगराने थाळीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि तोंडातलं पाणी गिळून टाकलं. मग तिने लोटा मागच्या बाईला न देता जमिनीवर ठेवला.